गुरुवार पाळणारी वही

“फीबीबाई, माझं डोकं कुणीतरी चोरलंय!”

दारात एल्नॅथन मॅक्सन उभा होता. अंगावर कातडी अ‍ॅप्रन, हातात कागदांचा गठ्ठा, आणि तोंडावरचा रंग पार उडालेला. साठीच्या या लोहाराला सालेम क्रीकमध्ये कुणी कधी धावताना पाहिलं नव्हतं. आज तो पेटती भट्टी तशीच टाकून अख्खा रस्ता धावत आला होता.

रविवारची सकाळ होती, म्हणजे सालेम क्रीकमध्ये कामाचा दिवस. हे गाव शनिवारचा शब्बाथ पाळायचं. शुक्रवारी सूर्य मावळला की हातोडी, करवत, नांगर सगळं खाली, ते शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत. रविवारी शेजारच्या गावांच्या घंटा घणघणायला लागल्या की इथे घण पडायला लागायचे. उरलेलं विस्कॉन्सिन यावरून टिंगल करायचं, पण गावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

फीबी कून ही गावची पोस्टमास्तरीण. अठ्ठेचाळीस वर्षांची, जोएल कूनची विधवा, जिभेला चांगली धार. समोरच्या खोलीत पोस्ट, मागे संसार. कुणाला सरकारी कागद आला की तो वाचून घ्यायला माणूस तिच्याकडेच यायचा.

“बसा, मॅक्सनभाऊ. आधी श्वास घ्या, मग चोर पकडू.”

तिने कागद वाचले. वाचता वाचता तिच्या कपाळावर आठी पडली.

पीक कापता कापता त्याची पेंढी बांधणारी यंत्रं तोवर निघाली होती, पण ती तारेने बांधायची. तारेचे तुकडे गाईंच्या पोटात जायचे, गाई मरायच्या. सुतळीची गाठ मारणारं यंत्र ज्याला जमेल त्याला शेतकरी डोक्यावर घेऊन नाचले असते. मॅक्सनने ते जमवलं होतं. नऊ वर्षं खपून त्याने लोखंडाची एक चोच घडवली, जी सुतळी धरायची, गरकन फिरायची आणि गाठ मारून सोडून द्यायची. गेल्या वर्षी त्याने पेटंटसाठी अर्ज केला होता.

आता वॉशिंग्टनहून कळवलं होतं की त्याच यंत्रासाठी दुसराही एक अर्ज आलाय. मेरिडियन गावचा कारखानदार ऑर्लँडो पिक्सली याचा. ज्याला आधी सुचलं त्याचं पेटंट. येत्या बुधवारी हॉलिस्टर नावाचे अधिकारी सालेम क्रीकच्या शाळेत येऊन दोन्ही बाजूंच्या साक्षी घेणार होते. पिक्सलीने पुरावा म्हणून स्वतःच्या हातची वही दिली होती, एप्रिल ते ऑगस्ट १८७३ ची. तिची प्रमाणित नक्कल सोबत जोडली होती.

“गावासमोर तुम्ही पहिली पेंढी कधी बांधलीत?”

“ऑगस्ट पंचाहत्तर. तुम्ही होतात की तिथे. टाळ्या वाजवल्यात.”

“म्हणजे वही खरी धरली तर हा माणूस दोन वर्षं पुढे.”

“खरी? फीबीबाई, त्या वहीत मी आहे! मोडलेली चोच, वाकलेला दांडा, सगळं माझं. आणि पुढे त्याच्या अर्जात काय लिहिलंय वाचा. म्हणे त्याच्या कारखान्यातला हाल्वोर चौऱ्याहत्तरमध्ये माझ्याकडे कामाला आला आणि यंत्राची कल्पना चोरून घेऊन आला. म्हणजे चोर मी!”

हे गाव लहान होतं आणि तिथली चर्चची मंडळी कडक. येत्या शब्बाथला मॅक्सनचं नाव मंडळीच्या यादीतून कापायचं की ठेवायचं यावर बोलणं होणार, हे फीबीच्या कानावर आलंच होतं. ज्या चर्चच्या दाराच्या बिजागऱ्याही या माणसाने घडवल्या, तिथून त्याला चोर म्हणून बाहेर काढणार. फीबीला भयंकर राग आला.

“सरळ उत्तरं द्यायची, मॅक्सनभाऊ. दुकानात तुमच्याशिवाय कोण असतं?”

“आसा आणि हाल्वोर.”

“आणखी कुणी?”

“मांजर.”

“तुम्ही काही लिहून ठेवलंत?”

“मला वाचता येतं, पण लिहायला सही तेवढी येते, बाई. मापं आसा लिहायचा, पाटीवर. संध्याकाळी पुसायचा.”

“वहीतलं सगळं तुमचंच?”

“शब्दन् शब्द. फक्त स्प्रिंगपाशी मी अडखळतो.” मॅक्सनने मान खाजवली. “चोच गाठ मारायची, पण टोक आधीच सुटायचं. चोचीवर बारकी स्प्रिंग बसवली तेव्हा ते यंत्र झालं, त्याआधी नुसतं भंगार होतं. ती स्प्रिंग मला तुमच्या अंगणात सुचली.”

“माझ्या?”

“जोएल तापाने पडला होता ना, तेव्हा विचारपूस करायला आलो. दोरीवर चादरी वाळत होत्या. वारा हा असा सुटलेला, आणि त्या एवढ्याशा चिमट्यांनी चादरी धरून ठेवलेल्या. बघतच राहिलो. तसाच फाटकातून परत फिरलो. रागावू नका.”

“तेव्हा रागावले होते.”

“चार स्प्रिंगा मोडल्या मी, पाचवी बसली. आणि वहीत? वहीत स्प्रिंग आभाळातून पडते! आधी नाव नाही, गाव नाही, एकदम बसवलेली.”

फीबीने पेन्सिलीने त्या ओळीखाली रेघ मारली. २१ जून: चोचीवर स्प्रिंग बसवली. टोक सुटत नाही. त्याच्या आधीची नोंद ८ जूनची होती.

*

मॅक्सनच्या दुकानात लाकडाचा भुसा आणि गरम लोखंड यांचा मिसळलेला वास असायचा. आसा बर्डिक खिडकीपाशी एका दातेरी चाकाचा लाकडी साचा तासत होता. फीबीचा धाकटा भाऊ, एक्केचाळीस वर्षांचा, कानामागे कायमची पेन्सिल. मॅक्सनने लोखंडात जे जे ओतलं ते आधी आसाने लाकडात कोरलेलं असायचं.

फीबीला या भावाचा अभिमान होता. तीन वर्षांपूर्वी, जूनमध्ये, जोएल गेला त्या दुखण्यात आसा सगळं काम सोडून त्याच्या उशाशी बसून होता. सख्खा मुलगा करणार नाही इतकं त्याने केलं होतं.

“ताई, कशाला यात पडतेस?” आसा मान वर न करता म्हणाला. “पिक्सलीकडे कागद आहे. कागदाशी कोण भांडणार?”

“मी. रोज कागदच हाताळते. ही चोरी केली कुणी, तुला काय वाटतं?”

“मला काय विचारतेस?”

“गाव हाल्वोरचं नाव घेतंय. म्हणतात, त्यानेच इथलं तिकडे पोचवलं.”

“हाल्वोरला कशाला त्रास देता? गरीब माणूस आहे.”

भिंतीवर पेटंटच्या अर्जाची नक्कल खिळ्याने ठोकलेली होती. एकमेव संशोधक: एल्नॅथन मॅक्सन. खाली साक्षीदार म्हणून आसाची वळणदार सही. कागदावर धूळ होती, सहीवर मात्र कुणाचंतरी बोट फिरलेलं दिसत होतं.

हाल्वोर भेटला सोमवारी. हा थोराड नॉर्वेजियन, घण मारणारा. पोस्टाच्या पायरीवर टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“बाई, मी चोर नाही. दोन्हीकडून मलाच चोर म्हणतात. पिक्सली म्हणतो इकडे आणलं, गाव म्हणतं तिकडे नेलं. एका माणसाने किती चोऱ्या करायच्या?”

“पिक्सलीच्या कारखान्यात गाठ मारायचं यंत्र बघितलं होतंस?”

“नाही. तिथे फक्त नांगर. पिक्सलीसाहेबाला बुटाची नाडी तरी बांधता येते का, मला शंका आहे.”

“इथलं काम रोज बघतोस?”

“रोज कुठलं? शनिवारी तुम्ही बंद, रविवारी मी बंद. रविवारी मी आमच्या लुथरन चर्चमध्ये असतो, सात मैल चालत जातो. तुमच्या रविवारी इथे काय ठोकतात, देव जाणे.”

फीबी एकदम त्याच्याकडे बघायला लागली.

“काय झालं, बाई?”

“काही नाही. पिक्सली कुठल्या चर्चचा?”

“मेरिडियनमधल्या मोठ्या चर्चचा डीकन आहे की, तिथला कारभार बघणारा. रविवारी कारखान्यात साधी चिमणी उडाली तरी चालत नाही त्याला.”

हाल्वोर गेल्यावर फीबीने दाराला कडी घातली. स्वयंपाकघरात चुलीशेजारी खिळ्याला शेतकऱ्यांची छापील पंचांगं टांगलेली होती. दरवर्षीचं एक, कोपऱ्याला भोक पाडून सुतळीत ओवलेलं. बी कधी टाकलं, गाय कधी व्याली, कोण कधी गेलं, ते समासात पेन्सिलीने लिहिण्याची गावातल्या सगळ्याच बायकांची पद्धत होती. तिने १८७३ चं पंचांग काढलं आणि वहीची नक्कल शेजारी ठेवली.

वहीत नुसत्या तारखा होत्या, वार नव्हते. तिने एकेका तारखेपुढे वार लिहायला सुरुवात केली.

सहा एप्रिल, काम केलं. रविवार. तेरा एप्रिल, काम केलं. रविवार. एकोणीस रविवारांपैकी अठरा रविवारी डीकन पिक्सलीने काम केलं होतं!

“बरं सापडलास,” ती पुटपुटली. रविवारी काम करणारा म्हणजे शनिवार पाळणारा, आपल्यातलाच कुणीतरी. तिने घाईघाईने शनिवार तपासले.

शनिवारीही काम होतं. जवळजवळ एकूण एक शनिवारी.

फीबीने पेन्सिल आपटली. हा कोण प्राणी? हा रविवार पाळत नाही, शनिवारही पाळत नाही. माणूस आहे की पाणचक्की? मग तिने रिकाम्या तारखा मोजायला घेतल्या. तीन एप्रिल. दहा एप्रिल. सतरा, चोवीस. पंचांगात बोट सरकत गेलं. अख्ख्या वहीत वीस गुरुवार येत होते आणि वीसच्या वीस कोरे होते.

गुरुवार! या पृथ्वीच्या पाठीवर गुरुवारी हातोडी खाली ठेवणारा कोण आहे?

चुलीवरचं पाणी उकळून आटलं. मग तिने पंचांगांची माळच खाली घेतली आणि पुढची दोन वर्षं चाळली. एक पंचांग उघडून जूनच्या पानावर आली, आणि तिथे तिचा हात थांबला. त्या पानावर तिचंच अक्षर होतं.

त्या दिवशी फीबी कूनने सालेम क्रीकचं टपाल तासभर उशिरा वाटलं. असं आधी कधी झालं नव्हतं.

*

मंगळवारी दुपारी तिने आसाला जेवायला बोलावलं. बीन्स आणि काळा पाव. तो पोटभर जेवला.

“आसा, जोएलच्या आजारपणात तू किती दिवस होतास रे इथे?”

“ते कोण मोजतंय, ताई?”

“मी मोजले होते.”

आसाचा घास हातातच राहिला.

“उद्या मी शाळेत बोलणार आहे,” फीबी म्हणाली. “मॅक्सनभाऊंनी मला मुखत्यार केलंय. कुणाला आधी काही सांगायचं असेल, तर आजचा दिवस आहे. मी ऐकून घेईन. आरडाओरडा करणार नाही.”

आसाने पावाच्या तुकड्याने ताटली पुसली. खिडकीबाहेर कपडे वाळत घालायची दोरी दिसत होती, तिच्याकडे त्याने पाहिलं.

“बीन्स छान झाल्यात,” तो म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला. फीबी त्याची ताटली धुवायलासुद्धा उठली नाही.

*

बुधवारी शाळेत मुंगी शिरायला जागा नव्हती. हॉलिस्टरसाहेब मास्तरांच्या टेबलाशी बसले होते. वयस्कर, कोरडे, नाकावर चष्मा. पिक्सली रेशमी गळपट्टा लावून आपल्या वकिलाशेजारी बसला होता. टेबलावर मूळ वही होती. जुना पिवळा कागद, अक्षर पिक्सलीचंच. ते कुणीही नाकारलं नाही.

मॅक्सनच्या बाजूने एक बाई प्रश्न विचारायला उठली तेव्हा वकील गालातल्या गालात हसला.

“पोस्टाचे शिक्के मारायला आलात का, बाई?”

“शिक्काच मारायचाय. थांबा जरा.” फीबी पिक्सलीकडे वळली. “साहेब, ही वही तुम्ही रोजच्या रोज लिहिलीत?”

“ज्या दिवशी काम, त्याच दिवशी नोंद.”

“नंतर आठवून नाही? तारखा चुकल्या असतील?”

“एकही नाही. शपथेवर सांगतो.”

“तुम्ही डीकन आहात. रविवारी काम करता?”

पिक्सलीला हा अपमान वाटला. “मी? उभ्या आयुष्यात नाही. ते तुमचं गाव करतं.”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. फीबीने १८७३ चं पंचांग हॉलिस्टरसाहेबांपुढे ठेवलं.

“सहा एप्रिल बघा, साहेब. मग तेरा. मग वीस.”

साहेबांनी बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. “सगळे रविवार आहेत, मिस्टर पिक्सली.”

पिक्सलीने गळपट्टा सैल केला. “मग... यंत्राच्या नादात कधीतरी...”

“अठरा वेळा?” फीबी म्हणाली. “बरं, नाद असेल. मग गुरुवारी तो नाद कुठे जायचा? वीस गुरुवार, साहेब, आणि एकाही गुरुवारी नोंद नाही. मिस्टर पिक्सली, तुम्ही गुरुवारी काय करत होतात?”

पिक्सलीने वकिलाकडे पाहिलं. वकील छताकडे बघत होता.

“आठवत नाही,” पिक्सली म्हणाला.

“मी सांगते. तुम्ही काहीच करत नव्हतात, कारण ही वही तुम्ही १८७३ मध्ये लिहिलीच नाही. दुसऱ्या कुणाच्या वहीवरून उतरवलीत. ती खरी वही दोन वर्षं नंतरची आहे. उतरवताना तुम्ही महिना आणि तारीख तशीच ठेवलीत, फक्त साल बदललंत. वहीत पिकाच्याही नोंदी आहेत, म्हणून तारखा हलवायला तुम्ही धजला नाहीत. महिनाभर मागे नेल्या असत्या तर रायचं पीक जूनमध्येच कापणीला आलं असतं, आणि कुठल्याही शेतकऱ्याने तुमची लबाडी पकडली असती. तुम्ही पीक सांभाळलंत आणि वार विसरलात.”

तिने दुसरं पंचांग काढलं.

“एक तारीख दर वर्षी एक वार पुढे सरकते. त्र्याहत्तरचा गुरुवार चौऱ्याहत्तरमध्ये शुक्रवार होतो, आणि पंचाहत्तरमध्ये शनिवार. हे १८७५ चं पंचांग, साहेब. ते वीसही कोरे दिवस यात बघा. एकूण एक शब्बाथ आहे. मूळ वही अशा माणसाने लिहिली, ज्याने पाच महिन्यांत शनिवारी एकदाही पेन्सिल उचलली नाही. ती वही या गावात लिहिली गेली, पंचाहत्तर साली, मॅक्सनभाऊंच्या दुकानात.”

शाळेत एकच गलका झाला. मॅक्सन दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून बसला होता. पण वकील उठला. तो काही दुधखुळा नव्हता.

“वाहवा! पण हा योगायोग असू शकतो. दुकानातून वही बाहेर गेली म्हणता, तर नेली कुणी? तुमच्या दुकानात माझ्या अशिलाचा जुना नोकर एकच, तो हाल्वोर. आणि तो शपथेवर सांगतो की त्याने वही कधी बघितलीच नाही. मग वही आहे कुठे? ज्याने लिहिली तो माणूस दाखवा!”

सगळ्या माना हाल्वोरकडे वळल्या. त्याचे कान लाल झाले.

“हाल्वोर नाही,” फीबी म्हणाली. “तो रविवारी कामाला नसतो. पंचाहत्तरचे रविवार म्हणजे या वहीतले शुक्रवार. त्यातल्या सतरा शुक्रवारी बारीकसारीक मापांसकट नोंदी आहेत. त्या दिवशी हाल्वोर सात मैलांवर देवाची गाणी म्हणत होता.”

“मग कोण?” हॉलिस्टरसाहेबांनी विचारलं.

फीबीने १८७५ चं पंचांग पुन्हा हातात घेतलं. पहिल्या बाकावर टोकाला आसा बसला होता, मान खाली. तिने त्याला कालचा अख्खा दिवस दिला होता, आज सकाळीही दारात वाट बघितली होती. केसाने गळा कापला होता याने, त्या म्हाताऱ्याचा आणि तिचाही. तरी तोंडून नाव निघेना.

“वहीत एक खंड आहे,” ती म्हणाली. “नऊ ते वीस जून. बारा दिवस एक अक्षर नाही, आणि एकवीस तारखेला स्प्रिंग बसवलेली. मिस्टर पिक्सलींना ती कशी सुचली ते सांगता येणार नाही, कारण मूळ वहीतच ते नव्हतं. त्या बारा दिवसांत मॅक्सनभाऊ दुकानात होते, चार स्प्रिंगा मोडत होते. लिहिणारा मात्र तिथे नव्हता. तो कुठे होता ते इथे लिहिलंय. हे माझं पंचांग आहे. अक्षरही माझंच.”

तिने जून १८७५ चं पान उघडलं आणि समास वाचायला लागली.

“नऊ जून. जोएलचा ताप चढला. आसा आला, राहिला. दहा. आसा इथेच. बारा, शब्बाथ. आसाने रात्रभर वारा घातला. पंधरा. आसा जेवला नाही. अठरा. जोएल गेला. वीस, रविवार. माती दिली. आसा आज घरी गेला. देवा, असा भाऊ...”

पुढचं तिला वाचता आलं नाही.

“पुरे, ताई,” आसा उभा राहिला. “पुरे कर. माझी आहे ती वही.”

तो मॅक्सनकडे वळला.

“पाटी पुसायच्या आधी मी रोज घरी उतरवून घ्यायचो. चोरायला नाही, मॅक्सनभाऊ. तुमच्यासाठीच. म्हटलं, कधीतरी लागेल. नऊ वर्षं तुम्ही म्हणत होतात, आपलं यंत्र, आसा, आपलं यंत्र. मग अर्ज आला. एकमेव संशोधक. आणि मला सांगितलंत, इथे साक्षीदार म्हणून सही कर.”

मॅक्सनचे ओठ हलले. “वकील म्हणाला, स्प्रिंग ज्याची त्याचं यंत्र. शपथ घ्यायची होती. खोटी कशी घेणार? तू नव्हतास रे तेव्हा.”

“नव्हतो. जोएलपाशी होतो.” आसा हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. “पिक्सली म्हणाला, यंत्रावर नावाची ओतीव पाटी लावू, पिक्सली आणि बर्डिक. मी वही दिली. अर्जावर नाव मात्र एकट्याचंच टाकलं त्याने. तुमच्यापेक्षा तो वेगळा नाही निघाला.”

“मला विचारायचंस तरी, आसा,” मॅक्सन म्हणाला. “भांडायचंस. मी पाटीवर तुझं नाव माझ्या आधी ओतलं असतं.” म्हातारा तिथेच सगळ्यांसमोर रडायला लागला.

पिक्सली टोपी उचलून दाराकडे सरकत होता. दारात हाल्वोर उभा होता, हाताची घडी घालून. पिक्सली परत येऊन जागेवर बसला.

*

साक्षी संपल्या. आसाने खरी वही घरून आणून दिली. हॉलिस्टरसाहेबांनी खोट्या शपथेबद्दल पिक्सलीला जे सुनावलं ते गाव पुढे वर्षभर एकमेकांना सांगत होतं. मॅक्सनचं नाव मंडळीच्या यादीत राहिलं. यादीतून कापायला आता दुसरं नाव होतं.

साहेबांनी १८७५ च्या पंचांगावर पुराव्याचा क्रमांक घातला.

“हे वॉशिंग्टनला जाईल, बाई.”

“परत मिळेल?”

“सहसा मिळत नाही.”

तिने मान हलवली. जोएलचे शेवटचे दिवस तेवढ्या एका पानावर होते.

शाळेमागच्या कुंपणापाशी आसा तिची वाट बघत होता. ती थांबली, पण जवळ गेली नाही.

“ताई, मॅक्सनभाऊंचं मी वाईट केलं. ते कबूल. पण एवढं तरी मान. त्या बारा दिवसांत मी दुकानात असतो तर ती स्प्रिंग मलाही सुचली असती. तुझ्याकडे आलो म्हणून गेली.”

फीबी त्याच्याकडे बघत राहिली. तिला ते दिवस लख्ख आठवत होते. घामाने भिजलेल्या चादरी ती धुवायची, आणि पिळून बादलीत टाकल्या की तो घेऊन जायचा.

“आसा, ती स्प्रिंग दुकानात नव्हतीच. माझ्या अंगणात होती, चादरींच्या चिमट्यांत. मॅक्सनभाऊंनी फाटकातून एकदाच बघितली,” ती म्हणाली. “त्या चादरी रोज वाळत कोण घालत होतं?”

आसाची नजर आपल्या दोन्ही हातांवर गेली.

फीबी घरी आली. पंचांगांची माळ तिने पुन्हा खिळ्याला टांगली, चौऱ्याहत्तरच्या मागे आता शहात्तर होतं. दोरीवर कालचे कपडे तसेच होते. तिने ते काढून घेतले आणि चिमटे एकेक करून टोपलीत टाकले.